कांडीची लांबी : प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर

आधी हेतू लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको. डाक्सहुंड जातीच्या एकाच कुत्रीची वीस छायाचित्रं आणि तिचंच एक विणलेलं वॉल हँगिंग. छायाचित्रं आणि ग्राफ माझे, विणकाम हातमागावरच्या अण्णांचं. लग्नांच्या ऑर्डरींमधून जेवढे दिवस सुटतील तेवढ्यात करायचं आणि फेब्रुवारीअखेर संपवायचं. मार्च लागला की सोलापूरचा रस्ता सकाळी दहालाच तापतो. जिचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही अशा काळ्या कुत्रीला तेव्हा बाहेर काढणं हा छळ होईल.

कुत्री मागच्या गल्लीतल्या आजोबांची. आजोबा चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. त्यांच्या मुलानं पुण्यात फ्लॅटमध्ये तिला पाळलं होतं. त्याची परदेशात बदली झाली आणि ती इकडं आली. पुण्याचं नाव आजोबांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढलं आणि कांडी ठेवलं. धोट्यातली बाण्याची (आडव्या धाग्याची) कांडी जशी लांब आणि पुढे निमुळती, तशी ही. ज्यानं आयुष्यभर कांड्या हाताळल्या त्यानं दिलेलं नाव आहे, मला ते फार आवडतं. वय पाच, रंग काळा, भुवयांवर, छातीवर आणि पंजांवर तांबूस ठिपके.

आज १४० फोटो काढले, एकही ठेवण्यासारखा नाही. सगळे उभ्यानं काढलेले. वरून पाहिलं की नुसती पाठ दिसते आणि चार पाय गायब होतात. गल्लीतली पोरं तिला बघून 'रेल्वे आली' म्हणतात, माझे फोटोही तेवढंच म्हणतात. मला ते नको आहे. हा प्राणी सुंदर आहे, आणि त्याचं सौंदर्य हसू न येता दिसलं पाहिजे.

२१ नोव्हेंबर

आज कॅमेऱ्याआधी टेप काढला. खांद्याशी उंची २२ सेंटिमीटर. छातीच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत ४०. म्हणजे उंचीच्या १.८ पट लांबी. या जातीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १.७ ते १.८ असंच प्रमाण दिलेलं आहे, म्हणजे कांडी अगदी बेताची. मला मात्र बघताना ती तिप्पट लांब वाटायची. इतकी वर्षं व्यंगचित्रांत, खेळण्यांत, चहाच्या कपांवर ताणलेला डाक्सहुंड बघून डोळ्याला तीच सवय लागली आहे. खरा आकडा दुप्पटसुद्धा नाही. १.८ हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवला.

मग चटई टाकून पोटावर झोपले. कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर, भिंगाचा मध्य जमिनीपासून अंदाजे वीस सेंटिमीटर. पहिले फोटो ३५ मिलिमीटरच्या लेन्सनं, मीटरभरावरून घेतले. नाक फणसाएवढं, मागचा भाग सुपारीएवढा. लांब जनावराच्या बाबतीत हा दोष दुप्पट जाणवतो, कारण तोंड आणि शेपूट यांच्या अंतरातच फरक पडतो. ८५ची लेन्स लावली, पाच मीटर मागे सरकले, ती बरोबर आडवी येईपर्यंत थांबले. मग ती कांडी झाली.

काळ्या अंगाला कॅमेरा राखाडी करू बघतो. एक्स्पोजर एका स्टॉपनं खाली घेतलं, म्हणजे उजेड निम्मा केला, आणि सातच्या तिरप्या उन्हात कातडीखालचे स्नायू उजळले. या उंचीवरून आधी न दिसलेली गोष्ट म्हणजे छाती. होडीच्या नाळेसारखी पुढे आलेली, खोल, पुढच्या पायांच्या मधे उतरलेली. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बॅजर, 'हुंड' म्हणजे कुत्रा. बॅजर हा जमिनीखाली बीळ करून राहणारा, नख्यांचा तापट प्राणी. त्याच्या बिळात घुसून त्याला अडवून धरायचं आणि वरच्या शिकाऱ्याला ऐकू जाईल असं भुंकायचं, हे या जातीचं मूळ काम. आखूड पाय बिळासाठी, रुंद पंजे माती उकरायला. हे ध्यानात आल्यावर तिचा एकही अवयव विनोदी वाटत नाही.

२९ नोव्हेंबर

कंबर तलावाच्या कडेच्या वाटेवर, सकाळी साडेसहा. आज फक्त चालणं.

डोळ्यांसमोर बाल्लाचं चित्र होतं. इटलीच्या जाकोमो बाल्लानं १९१२ मध्ये साखळीला बांधून फिरायला नेलेला एक काळा डाक्सहुंड रंगवला. पायांच्या जागी पंख्यासारखे पसरलेले डझनावारी पाय, शेपटीची कितीतरी टोकं, कान फडफडते, साखळीच्या चार-पाच कमानी, आणि मालकिणीचे फक्त झग्याचा घेर आणि बूट. चित्र आता अमेरिकेत बफेलोच्या संग्रहालयात आहे. बाल्लाला ही कल्पना छायाचित्रणातून सुचली. फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८०च्या दशकात एकाच काचेवर हालचालीचे लागोपाठचे टप्पे टिपायला सुरुवात केली होती. म्हणजे फोटोतून चित्रात गेलेली गोष्ट मी परत फोटोत आणत होते.

बाल्लाला हाच कुत्रा का हवा होता ते आज चटईवर कळलं. उंच कुत्रा एक पाऊल टाकतो तेवढ्यात कांडीची चार पडतात. वरचं अंग जवळजवळ स्थिर, सरळ रेषेत सरकणारं, आणि खाली पायांची धांदल. शटर १/१५ सेकंदावर ठेवलं, तिच्या वेगानं कॅमेरा फिरवत नेला. साठ फोटोंत तीन जमले. पाठीची रेघ धारदार, डोळा धारदार, खाली पायांचा धूर. तिसऱ्यात आजोबांचं धोतर आणि कोल्हापुरी वहाण आपोआप आली आहे, बाल्लाच्या चित्रातल्या झग्याच्या जागी. हा फोटो वीसात पक्का.

६ डिसेंबर

लग्नाची दोन कामं आटोपली. आज फोटो नाहीत, पाहणं आणि वाचणं.

पिकासोचा लंप. छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन १९ एप्रिल १९५७ रोजी फ्रान्समधल्या कान शहरातल्या पिकासोच्या घरी गेले तेव्हा आपला डाक्सहुंड लंप सोबत घेऊन गेले. कुत्र्यानं घर पाहिलं आणि परत यायचं नाव काढलं नाही. पुढची सहा वर्षं तो तिथंच राहिला. पहिल्याच दिवशी जेवताना पिकासोनं एका ताटलीवर त्याचं चित्र काढून दिलं. त्याच वर्षी ऑगस्ट ते डिसेंबर पिकासोनं स्पॅनिश चित्रकार वेलास्केसच्या १६५६च्या 'लास मेनिनास' या चित्रावर बेतलेली ५८ चित्रांची मालिका केली. मूळ चित्रात उजव्या कोपऱ्यात स्पेनच्या राजवाड्यातला भला दांडगा कुत्रा पसरलेला आहे. पिकासोनं त्याच्या जागी लंप बसवला. ती मालिका त्यानं १९६८ मध्ये बार्सिलोनाच्या संग्रहालयाला देऊन टाकली.

मला त्या चित्रांतलं धाडस खुणावतं. बाकी माणसं मोडून-तोडून त्रिकोण-चौकोन केलेली, आणि कुत्रा जवळजवळ एका ओळीत काढलेला, आत रंगही बेताचाच. तरी कोणीही सांगेल की हा डाक्सहुंड. ज्या आकाराला एक रेघ पुरते तो विणता येईल, हे माझं त्यातून काढलेलं गणित. विणकामात रेघ म्हणजे पायऱ्या, आणि पायऱ्यांतून टिकतो तोच आकार खरा.

१३ डिसेंबर

गणित चुकलं.

अण्णा गावाला गेले होते. त्यांच्या मुलानं मी दिलेल्या ग्राफवरून नमुन्यापुरती नक्षीची कार्डं पंच केली आणि तुकडा विणून ठेवला. शेपूट आणि मान सोडून नुसतं धड : शंभर चौकोन उंच, एकशे ऐंशी चौकोन लांब. हिशेबानं १.८. कापडावर मात्र कुणीतरी रस्त्यावरचं गुबगुबीत पिल्लू उभं होतं. कांडीचा मागमूस नाही.

अण्णा संध्याकाळी आले, तुकडा हातात घेतला, बोटानं धागे चाचपले आणि म्हणाले, "अम्मा, तू शाळेच्या वहीसारखा चौकोनी कागद घेतलास."

त्यांच्या मागावर इंचात ताण्याचे (उभे) ४८ धागे आणि बाण्याच्या ३२ फेऱ्या बसतात. ग्राफवरचा एक चौकोन म्हणजे आडवा एक ताण्याचा धागा आणि उभी एक फेरी. म्हणजे कापडावर तो चौकोन चौकोनच राहत नाही, अरुंद आणि उंच होतो. १८० धागे झाले पावणेचार इंच, शंभर फेऱ्या झाल्या सव्वातीन इंचांना थोड्या कमी. भागाकार १.२. इतकी जपलेली लांबी मागानं एका झटक्यात एक तृतीयांश गिळली. म्हणूनच डिझाइनवाले आडव्या-उभ्या चौकोनांचं प्रमाण मागाप्रमाणे वेगळं असलेला कागद वापरतात. माझे वडील मागावर होते, मला हे माहीत असायला हवं होतं.

दुरुस्ती म्हणून लांबी १८० ऐवजी २७० चौकोन करायची. पण पुढे नाक आणि मागे शेपूट धरली की बेरीज चारशेच्या पार जाते, आणि जॅकार्डला, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्राला, हुक आहेत चारशे. प्रत्येक हुक ताण्याचा एक धागा उचलतो, तेव्हा चारशेच्या पुढे कुत्री मागावर मावत नाही. आकार लहान केला तर डोळा आणि भुवईचा ठिपका एका चौकोनात जाऊन बसतो. शेपूट वर वळवली तर बसते, पण कांडी शेपूट वर धरत नाही. अण्णा म्हणाले, विचार करतो.

१५ डिसेंबर

आज फार छान उजेड. आजोबांच्या अंगणात बाज टाकली आणि कांडीला बिस्किट दाखवून बाजेवरून उडी मारायला लावली. १/२००० सेकंद. दोनदा. चारही पाय हवेत, कान उडालेले, अख्खी लांबी एका फ्रेममध्ये ताणलेली. खूप दिवसांनी असा फोटो मिळाला.

१७ डिसेंबर

सकाळी गेले तर कांडी बाहेर आली नाही. उंबऱ्याशी थांबली, पाठ कमानीसारखी, मान खाली. उचलायला गेले तर किंचाळली. आजोबा कालपासून बघत होते, ती पायरी चढत नव्हती.

डॉक्टरांनी मागचे पाय दुमडून पंजे उलटे टेकवून बघितले. ती ते सरळ करते, म्हणजे नस शाबूत आहे, फक्त दुखणं आहे. मणक्यांमधली चकती सरकली आहे. औषधं, आणि चार आठवडे पिंजऱ्यात. शी-शूला उचलून न्यायचं आणि उचलताना एक हात छातीखाली, एक मागे, पाठ सपाट. उडी नाही, जिना नाही, बाज तर नाहीच.

त्यांनी समजावलं ते तसंच लिहिते. दोन मणक्यांमधल्या चकतीचा गाभा जेलीसारखा मऊ असतो आणि धक्के सोसतो. या जातीत तो तरुणपणीच सुकून चुन्यासारखा कडक होतो. मग एखाद्या दिवशी फुटून मज्जारज्जूवर दाब देतो. घरी येऊन आणखी वाचलं. आखूड पायांमागे एका जनुकाची जादा प्रत असते, ते २००९ मध्ये सापडलं. त्याच जनुकाची आणखी एक जादा प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर मिळाली आणि तिचा संबंध चकतीच्या या आजाराशी लागला, ते २०१७ मध्ये. ज्या बांध्यासाठी आपण तिला पाळतो, रंगवतो, विणतो, त्याच बांध्याच्या वाटेनं हे दुखणं येतं.

दोन उड्यांनीच झालं का, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत, चकती आधीपासून कडक झालेली असणार. पण उड्या मी मारायला लावल्या. आजोबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बाज माझीच होती की." उडीचे दोन्ही फोटो काढून टाकले. ते वीसात जाणार नाहीत.

लंपचीही पाठ अशीच गेली होती. डंकन त्याला जर्मनीत घेऊन गेले, उपचार केले, आणि तो पुन्हा चालू लागला. आज रात्री हे आजोबांना फोन करून सांगितलं.

३० डिसेंबर

पिंजरा म्हणजे आजोबांनी जुन्या मागाच्या लाकडी पट्ट्या ठोकून केलेला खोका, आत दोन घड्या घातलेली चादर. रोज दुपारी तासभर मी शेजारी बसते. कॅमेरा नेत नाही, शिशाची पेन्सिल नेते.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीनं १९९५ मध्ये आपल्या दोन डाक्सहुंडांची, स्टॅन्ली आणि बूजीची, चित्रं केली. कुत्री पोझ देत नाहीत, दारावर कुणी आलं की उठून जातात. म्हणून त्यानं घरभर कागद पसरून ठेवले होते आणि रंग कायम तयार, म्हणजे झोपलेली सापडली की लगेच सुरू करता यावं. त्या चित्रांत कुत्री बहुतेक गादीवर झोपलेली आहेत, गुरफटून, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून.

मी आतापर्यंत लांबी सरळ रेघेत शोधत होते. झोपलेली कांडी स्वतःभोवती पूर्ण वर्तुळ करते, नाक शेपटीखाली, आणि तरीही लांब दिसते. उंच पायांच्या कुत्र्याचं असं वेटोळं होत नाही, मधे पायांची घडी येते. तिच्या पायांना घडीच नाही, म्हणून वेटोळं अखंड. आज चौदा रेखाटनं झाली. एका सलग रेघेत पूर्ण केलेली चार, त्यातलं एक चांगलं : कानापासून निघाले आणि पेन्सिल न उचलता कानाशी परत आले.

औषधाचा परिणाम दिसतो आहे. मान वर करते.

१८ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत काहीच काम केलं नाही. शोभेच्या दारूकामाच्या रात्री आजोबांनी खोक्यावर चादरी टाकल्या आणि रेडिओ मोठ्यानं लावून जवळ बसून राहिले. ती दचकून उठू नये एवढीच काळजी होती. उठली नाही.

चार आठवडे झाले. आज अंगणात दहा पावलं, पट्टा लावून. मागचा डावा पंजा किंचित घासतो.

२७ जानेवारी

अण्णांचा निरोप आला, "ग्राफ घेऊन ये आणि आडवा कर."

एवढंच. आणि सगळं सुटलं. मी कुत्रीला मागाच्या रुंदीत बसवू बघत होते. रुंदीला चारशेची हद्द आहे. ताण्याच्या दिशेनं हद्दच नाही, एक फेरी म्हणजे एक कार्ड, कुत्री लांबली तर कार्डं वाढतात. म्हणून तिला मागावर उभी टेकवायची, नाक पुढे, शेपूट मागे, पाय एका काठाकडे. विणून झाल्यावर कापड फिरवून टांगायचं.

नवा हिशेब अण्णांच्या ओट्यावर बसून केला. खांद्याची उंची पाच इंच म्हणजे २४० धागे. वर मान-डोकं आणि दोन्ही काठ धरून चारशे बरोबर पुरतात. धड नऊ इंच, म्हणजे २८८ फेऱ्या. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४६४. मी खोडरबर ठेवणार तोच अण्णा म्हणाले, शंभराला पाच वाढव. मागावर ताणा ताठ असतो, उतरवलं की कापड त्या दिशेनं आखडतं. विसरलीस तर परत बुटकी. तेव्हा ४६४च्या ४८८, दोन्ही बाजूंचं मोकळं कापड धरून ५८४ कार्डं.

ग्राफसाठी फोटो २१ नोव्हेंबरचा, पाच मीटरवरून घेतलेला. उडीच्या आधीची पाठ.

८ फेब्रुवारी

रंगावर दोन दिवस गेले. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकचं शुभचिन्ह वाल्डी हा डाक्सहुंडच होता, जर्मन डिझायनर ओट्ल आयशरनं केलेला, ऑलिम्पिकचं पहिलं अधिकृत शुभचिन्ह. धडावर निळे, हिरवे, पिवळे पट्टे. मॅरेथॉनचा मार्गसुद्धा नकाशावर वाल्डीच्या आकाराचा आखला होता. आमच्या चादरीच्या रंगांत असे पट्टे घालायचा मोह झाला, काढूनही पाहिले. पट्टे आले की स्नायू जातात. सोडून दिलं.

ठरलं असं : ताणा बदामी, बाणा काळा, तिसरा रंग नाही. कार्डावर जिथं भोक तिथं हुक ताण्याचा धागा उचलतो, तिथं बदामी दिसतं. भोक नाही तिथं काळा बाणा वर राहतो. भुवई, छाती आणि पंजे यांचे तांबूस ठिपके दोन्ही धागे निम्मे-निम्मे दिसतील अशा विणीनं करायचे. डोळ्यातला उजेड म्हणजे एकच भोक. ते कुठल्या कार्डावर येतं ते लिहून ठेवलं, ८३.

२३ फेब्रुवारी

आज विणलं. दुपारी दोनला सुरुवात, बाण्याचा धागा तीनदा तुटला, सात वाजता शेवटचं कार्ड.

आधी नाक आलं, आणि बराच वेळ फक्त नाकच. ८३व्या कार्डाला मी श्वास धरला होता, डोळ्यात उजेड पडला. मग कान, छातीची नाळ, पुढचे पाय. आणि त्यानंतर पाठ. किती वेळ नुसती पाठ. फेरीमागून फेरी तेच काळं, काठाकडे पोटाची एकच बारीक रेघ हलत होती. अण्णा धोटा टाकत होते, मी मोजत होते, आणि तिची लांबी पहिल्यांदा मला वेळेत मोजता आली : पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत पाऊण तास. शेपूट सुरू झाली तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

२५ फेब्रुवारी

हँगिंग घेऊन आजोबांकडे गेले. त्यांनी दिव्याखाली धरून आधी उलटी बाजू पाहिली, जॉबरच ते. मग कपाटातून टेप काढला. धड : नऊ इंच. खांदा : पाच. दोन्ही आकडे त्यांनी मोठ्यानं वाचले आणि टेप गुंडाळून ठेवला.

खाली बाजेपासून जमिनीपर्यंत त्यांनी एक फळी तिरपी लावली आहे, पाय घसरू नयेत म्हणून वर जुन्या चादरीचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला. कांडी तिच्यावरून उतरते, हळू, मागचा डावा पंजा अजून थोडा घासत. छायाचित्रं एकोणीस झाली आहेत. विसावं ते : उतरण, सकाळी सात, चटईवरून, ८५ची लेन्स. उद्या ढग नसतील तर उद्याच.